कोरलला नवीन, जोरदार एलईडीची सवय कशी लावायची

ज्यांचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेला टँक) आधीपासून चालू आहे आणि आता टी-फाईव्ह ट्यूब (बारीक फ्लोरोसंट ट्यूबलाईट) किंवा किटसोबत आलेली साधी लाईट काढून चांगली दणकट एलईडी लावायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टँक सुरू कसा करायचा, सायकल कशी करायची (म्हणजे पाण्यात उपयोगी जीवाणू कसे वाढवायचे) वगैरे इथे नाही. मी अमेरिकेत असतो त्यामुळे वस्तू इथल्या हिशोबाने सांगेन, पण दुबई, सिंगापूर, जर्मनी कुठेही असलात तरी पद्धत तीच. भारतातून वाचणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, तिकडे रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत त्याच यादीत, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणं तर सोडाच, पण दुकानदार "सगळं लीगल आहे सर" म्हणाला तरी पैसे काढू नका.

आता मुद्द्यावर येऊ. कोरलच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं, कोरलचं बरंचसं पोट त्यावरच भरतं. आता उजेड एकदम दुप्पट केला की या शेवाळाला तेवढा उजेड वापरताच येत नाही, वापरता न आलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची अशी रूपं तयार होतात जी पेशींना जाळतात, आणि मग कोरल सरळ त्या शेवाळाला घराबाहेर काढतं. त्यालाच आपण ब्लीच झालं म्हणतो. पांढरं दिसतं कारण आतला तपकिरी-हिरवा भाडेकरू गेलेला असतो आणि पारदर्शक कातडीतून खालचा सांगाडा दिसत असतो.

पण हाच उजेड हळूहळू वाढवला तर शेवाळ स्वतःचं हरितद्रव्य कमी करतं, कोरल शेवाळाची संख्या कमी ठेवतं आणि वरच्या थरात रंगीत प्रोटीन बनवतं, जे थोडंफार सनस्क्रीनचं काम करतं. या सगळ्याला दोन-तीन आठवडे तरी लागतात. सावलीतल्या नर्सरीतलं रोप मे महिन्यात एकदम गच्चीवर नेऊन ठेवलं तर पानं करपतात, तेच आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन दाखवत नेलं तर टिकतं, तसंच हे. आणि लक्षात घ्या, समुद्रात भर दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर जो उजेड असतो त्याच्या जवळपासही आपल्या बहुतेक लाईट जात नाहीत, म्हणजे कोरलला जास्त उजेड झेपतच नाही असं नाहीये, त्याला तयारीला वेळ लागतो एवढंच.

एलईडीच्या बाबतीत एक वेगळीच गंमत आहे आणि बहुतेक नवीन लोक इथेच फसतात. रीफ एलईडी निळ्या उजेडाने भरलेल्या असतात. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या जेमतेम ४ टक्के. त्यामुळे जुनी पांढरी ट्यूब काढून निळी एलईडी लावली की आपल्याला टँक अंधारलेला वाटतो, आपण म्हणतो अरे काहीच नाही हे, अजून वाढव, आणि तिकडे कोरलला आधीच्या दुप्पट मिळत असतं कारण झूझँथेलीला निळा उजेड फार आवडतो. डोळ्याने उजेड मोजायचा नाही, ही गोष्ट मनात पक्की करून ठेवा. मोबाईलवरचं लक्स मोजायचं अ‍ॅपही याच कारणाने कामाचं नाही, लक्स हे मापच मुळात माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलंय, निळ्या उजेडात ते फार कमी आकडा दाखवतं.

पायरी १: आत्ता किती उजेड मिळतोय ते मोजा, जुनी लाईट काढायच्या आधी

रीफवाले जे पार पार म्हणत असतात ते म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडतोय तो आकडा. याचा मीटर महाग असतो, एकदा वापरायला विकत घेण्यात अर्थ नाही. बऱ्याच गावात रीफ क्लब असतात, ते सभासदांना मीटर वापरायला देतात, काही दुकानं भाड्याने देतात. अ‍ॅपोजीचा एमक्यू-५१० हा पाण्याखालच्या वापरासाठीच बनवलेला आहे, तो मिळाला तर उत्तम. जुन्या मॉडेलचे सेन्सर निळा उजेड कमी मोजतात, तेव्हा मित्राच्या कपाटातला दहा वर्षांपूर्वीचा मीटर आणला तर ते ध्यानात ठेवा.

मोजताना काच आणि लाईटवरचं मिठाचं पांढरं पूट आधी पुसून घ्या. सेन्सर सरळ वर तोंड करून प्रत्येक मोठ्या कोरलच्या शेजारी धरा, पंप चालूच ठेवा, लाटांमुळे आकडा वरखाली होत राहील तर थोडे सेकंद बघून मधला घ्या. एका कागदावर टँकचं वरून दिसेल तसं ढोबळ चित्र काढा आणि त्यावर आकडे लिहा. हा कागद जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

टी-फाईव्हवाल्यांनी हे जास्तच मनावर घ्या. ट्यूब नऊ-बारा महिन्यांत उतरतात आणि आपण बदलायला दीड वर्ष लावतो, म्हणजे तुमच्या कोरलला सध्या जे मिळतंय ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असू शकतं.

मीटर मिळतच नसेल तर? मग कंपनीने दिलेला पारचा नकाशा बघा, किती इंचांवर किती मिळतं तो, आणि सुरुवात अंदाजापेक्षाही खालून करा. उजेड थोडा कमी पडला तर कोरल दोन-तीन आठवड्यांत मरत नाही, तपकिरी होईल फार तर. जास्त पडला तर दोन दिवसांत वाट लागते.

शेवटी कुठे पोचायचं त्याचे ढोबळ आकडे, म्हणजे हॉबीतले बहुतेक लोक ज्यावर समाधानी आहेत ते (मश्रूम, झोआ, हॅमर, टॉर्च वगैरे ही कोरलांचीच नावं): मश्रूमला ५० ते १००, अ‍ॅकॅन, ब्लास्टो, स्कोली यांनाही साधारण तेवढंच, झोआ आणि लेदर ८० ते १५०, हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन १०० ते २००, मोंटी कॅप आणि बर्ड्सनेस्ट २०० ते २५०, अ‍ॅक्रोपोरा २५० ते ३५०. हे काही शास्त्रवचन नाही, अ‍ॅक्रो १८० वर पण वाढवणारे लोक आहेत. पण मिक्स रीफ (मऊ आणि कठीण कोरलं एकत्र) असेल तर सगळ्यांना ३०० द्यायच्या नादात मश्रूम आणि अ‍ॅकॅनचा बळी जातो, तेव्हा आपल्याकडे काय आहे त्याप्रमाणे ठरवा. नुसती सॉफ्ट कोरलं (कठीण सांगाडा नसलेली, मश्रूम-लेदरसारखी) असतील तर खरं सांगू का, एवढ्या मोठ्या लाईटची गरजच नाहीये.

पायरी २: बाकी सगळं शांत ठेवा

लाईट बदलायच्या आधी दोन आठवडे आणि नंतरचा महिना-दीड महिना टँकमध्ये दुसरं काही नवीन करू नका. नवीन मीठ नको, नवीन डोसिंग (पाण्यात नियमित घालायची रसायनं) नको, जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) नको. का, तर नंतर कोरल रुसलं तर कशामुळे रुसलं ते कळलं पाहिजे ना.

यात कार्बनचा (पाणी स्वच्छ करणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन) मुद्दा लोकांना माहीत नसतो. बरेच महिने कार्बन वापरला नसेल तर पाणी हळूहळू पिवळसर होत जातं, आपल्याला रोज बघून कळत नाही, पण ते पिवळेपण निळा उजेड गिळत असतं. नवीन लाईट लावली आणि त्याच दिवशी ताजा कार्बन टाकला की पाणी एका रात्रीत स्वच्छ आणि कोरलच्या डोक्यावर दोन बाजूंनी वाढ. कार्बन टाकायचाच असेल तर दोन आठवडे आधी थोडा थोडा टाकायला लागा, आणि पार त्यानंतर मोजा. वर काचेचं झाकण असेल आणि ते काढून टाकणार असाल तर तिथेही हाच हिशोब.

टेस्ट करून घ्या. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या दरम्यान असलेलं बरं. शून्य-शून्य असलेल्या टँकमध्ये उजेड वाढवणं म्हणजे आफतीला बोलावणं, कारण उपाशी कोरलला तो ताण झेपत नाही, आणि नेमके हेच टँकवाले "माझं पाणी तर एकदम क्लीन आहे" म्हणून अभिमानाने सांगत असतात. अल्कॅलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, ज्यातून कोरल सांगाडा बांधतं; ती डीकेएच मध्ये मोजतात) ७.५ ते ९ डीकेएच मध्ये कुठेही चालेल, पण रोज तीच राहिली पाहिजे. तापमान २५-२६ सेल्सियस, म्हणजे ७८ फॅरनहाइटच्या आसपास. उष्णतेची लाट चालू असताना, एसी बिघडलेला असताना लाईट बदलू नका, समुद्रातही ब्लीचिंग होतं ते गरम पाणी आणि कडक ऊन एकत्र आल्यावरच जास्त होतं.

आणि फोटो काढून ठेवा, प्रत्येक कोरलचा, पांढऱ्या उजेडात, एकाच जागेवरून. रोज बघणाऱ्याला फिकेपणा दिसत नाही, फोटोत दिसतो.

पायरी ३: लाईट लावा, पण जुन्या आकड्यावर

कंपनी सांगते त्या उंचीवर टांगा, बहुतेक लाईटना पाण्यापासून ८ ते १२ इंच. जागा असेल तर मी उंच बाजूलाच झुकेन. ट्यूब लांबलचक असते, उजेड सगळीकडून येतो, एलईडीचा उजेड लेन्समधून एका ठिकाणाहून येतो, त्यामुळे बरोबर खाली कडक झोत आणि रॉकच्या आडोशाला एकदम अंधार असं होतं. उंच टांगली की झोत पसरतो.

आता तोच मीटर घेऊन त्याच जागा पुन्हा मोजा. उदाहरण घेऊ. समजा रॉकच्या माथ्यावर जुन्या ट्यूबखाली १८० होता, आणि नवीन लाईट फुल केल्यावर तिथे ४५० येतोय (फुल करून मोजायला दोन मिनिटं पुरतात, तेवढ्याने काही होत नाही). म्हणजे ४० टक्क्यांवर जुना आकडा. सुरुवात ४० वर किंवा त्याच्या जरा खाली, ३५ वर करा. सगळ्या लाईटमध्ये टक्के आणि पार अगदी सरळ हिशोबात चालत नाहीत, म्हणून ४० वर आणल्यावर परत एकदा मोजून खात्री करा. माथ्यावर जुळलं तरी सँडबेडवर (तळाच्या वाळूवर) आणि कोपऱ्यात जुळेलच असं नाही, कागद काढून बघा, जिथे जुन्यापेक्षा बरंच जास्त येतंय तिथल्या कोरलवर पुढे जास्त लक्ष ठेवायचं.

रंगांचं मिश्रण एकदा ठरवा आणि पुढचे दोन महिने त्याला हात लावू नका. निळे चॅनेल वर, पांढरा बेताचा, लाल आणि हिरवा अगदी थोडा. रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून स्लायडर खेळवायचा मोह होतो, अ‍ॅप डोळ्याआड ठेवा.

वेळ: एकूण ९-१० तास, त्यात सकाळी दोन तास चढ आणि संध्याकाळी दोन तास उतार. काही लोक सांगतात की लाईट १०० टक्क्यांवर ठेवा पण फक्त चार तास. मला ते पटत नाही. दुपारच्या त्या तासांमध्ये जे भाजायचं ते भाजतंच, तास कमी केल्याने शिखर (दिवसातला सगळ्यात जास्त उजेड) कमी होत नाही. तास साधारण पूर्वीचेच ठेवा, शिखर खाली ठेवा.

पायरी ४: चढवत न्या

दर आठवड्याला अ‍ॅपमध्ये ५ टक्के. वरच्या उदाहरणात ४० वरून ४५, मग ५०, असं करत ६५ ला पोचलात की माथ्यावर २९० च्या आसपास आलं, ते मिक्स रीफला भरपूर झालं, तिथे थांबा. पाच आठवडे झाले. अ‍ॅक्रो वगैरे नाजूक माल असेल किंवा टँक नवीन असेल तर दर दहा-बारा दिवसांनी ५ टक्के. १०० टक्क्यांपर्यंत जायलाच हवं असं अजिबात नाही, लाईटची ताकद शिल्लक राहिली तर ती राहू दे, डायोडही जास्त टिकतील.

मोबियससारख्या लाईट चालवायच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्लिमेशन मोड (सवय लावायचा मोड) असतो, किती टक्क्यांवर सुरू करायचं आणि किती दिवसांत पूर्णवर जायचं ते भरलं की रोज आपोआप थोडं थोडं वाढतं. छान आहे, रोजची वाढ एवढी बारीक असते की कोरलला धक्का बसत नाही. फक्त दोन गोष्टी. एक, तो मोड तुमच्या शेड्यूलमध्ये जे शिखर आहे तिथपर्यंत नेतो, तेव्हा शेड्यूल आधी ६५ वर आणा आणि मगच मोड चालू करा, नाहीतर तो इमानेइतबारे तुम्हाला १०० वर नेऊन सोडेल. दुसरं म्हणजे अ‍ॅपला कोरल दिसत नाही. तुम्ही सुट्टीत पुण्याला आईकडे गेलात आणि इकडे झोआ मिटले तरी तो वाढवतच राहणार. प्रवास असेल तर आहे तिथे थांबवून जा.

लाईटला डिमरच नसेल तर जाळी. खिडकीला लावायची फायबरग्लासची डास-जाळी हार्डवेअरच्या दुकानात रोलवर मिळते, तिचे तीन-चार थर कापून टँकच्या तोंडावर किंवा लाईटखाली ठेवायचे आणि दर आठ-दहा दिवसांनी एकेक काढायचा. एक थर किती उजेड अडवतो ते जाळीच्या विणीवर आहे, मीटर असेल तर मोजून घ्या. धातूची जाळी नको, खारं पाणी उडून गंजते आणि तो गंज टँकमध्ये पडतो. जाळी पाण्याला टेकू देऊ नका आणि लाईटच्या पंख्याची हवा बंद होणार नाही हे बघा.

तिसरी पद्धत म्हणजे कोरल खाली सँडबेडवर ठेवायचं आणि हळूहळू वर न्यायचं. नवीन आणलेल्या एखाद्या फ्रॅगसाठी (कोरलच्या कापलेल्या तुकड्यासाठी) हे ठीक. पण अख्खा टँक असा हलवणं म्हणजे अर्धी कोरलं रॉकला चिकटलेली, ती उपटताना तुटणार, शिवाय टॉर्च कोरलच्या शेजारी काही ठेवलं की रात्री त्याचे लांब डंखाचे धागे बाहेर येऊन शेजाऱ्याला भाजणार. लाईट कमी करता येत असताना हा उपद्व्याप कशाला.

पायरी ५: कोरल काय सांगतंय ते वाचा

इथे घाई नडते. उजेड वाढवल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी थोडं आखडणं चालतं. तीन-चार दिवसांनी पूर्ववत फुललं की पुढच्या वाढीला हरकत नाही. आठवडा होऊनही आखडलेलंच असेल तर त्या आठवड्याची वाढ करू नका, आहे तिथेच राहा. फिकं पडायला लागलं तर एक पायरी (५ टक्के) नाही, दोन पायऱ्या खाली या आणि दोन आठवडे तिथेच थांबा.

जास्त उजेड झाल्याची खूण म्हणजे फिकेपणा वरच्या, लाईटकडे तोंड असलेल्या बाजूने सुरू होतो आणि खालची सावलीतली बाजू रंग धरून असते. मश्रूम आक्रसतात, कधीकधी रॉक सोडून वाहत निघून जातात. हॅमर आणि टॉर्च दुपारी शिखराच्या वेळेला मिटतात पण सकाळ-संध्याकाळ बरे असतात, ही तर फार स्पष्ट खूण. झोआ चपटे, रॉकला चिकटून राहिले तर उजेड जास्त आणि मान लांब करून वर ताणले तर कमी.

याच्या उलट, पांढरेपणा बुंध्याकडून वर चढत असेल आणि कातडी सुटून खाली कोरा सांगाडा दिसत असेल तर तो उजेडाचा दोष नसण्याची शक्यताच जास्त. अल्कॅलिनिटी तपासा, कीड आहे का बघा. ब्लीच झालेल्या कोरलवर कातडी आणि पॉलिप जागेवर असतात, फक्त रंग नसतो, रात्री बॅटरीचा उजेड मारून जवळून बघितलं की कळतं. हा फरक ओळखता यायला हवा कारण एकात लाईट कमी करायची असते आणि दुसऱ्यात लाईट कमी करून काही उपयोग नसतो, उलट खरं कारण शोधायचं राहून जातं.

लेदर कोरल आठवडाभर मिटून वर मेणचट चमक आली तर घाबरू नका, ते कात टाकतंय, लाईटचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

आणि तपकिरी कोरल म्हणजे आजारी कोरल नव्हे. तपकिरी म्हणजे आत शेवाळ भरपूर आहे, ते मजेत आहे, आपल्याला आवडत नाही एवढंच. दुकानात नुसत्या निळ्या उजेडाखाली चमचमणारा फ्रॅग घरी पांढऱ्यात तसा दिसणारच नाही. त्या फोटोतल्या रंगाच्या मागे लागून लाईट वाढवत सुटलेल्यांचे टँक आधी छान पेस्टल होतात, लोक वाहवा करतात, आणि पुढच्या महिन्यात पांढरे.

ब्लीच झालंच तर उजेड खाली आणा, जागा बदलत बसू नका, प्रवाह आहे तसा ठेवा. शेवाळ गेलंय म्हणजे साखर बंद आहे, तेव्हा बाहेरून खायला द्या, एलपीएसला (हॅमर, अ‍ॅकॅनसारख्या मोठ्या पॉलिपच्या कठीण कोरलांना) मायसिसचे (कोळंबीसारख्या छोट्या जिवाचे) बारीक तुकडे, बाकीच्यांना बारीक कोरल फूड, आठवड्यातून दोन-तीनदा, पाणी खराब होणार नाही एवढंच. रंग परत यायला आठवडे किंवा महिने लागतात. कातडी शाबूत आहे तोवर फेकू नका.

उजेड वाढला की वाढही वाढते आणि कठीण कोरलं सांगाडा भराभर बांधायला लागतात, त्यामुळे अल्कॅलिनिटी आणि कॅल्शियम पूर्वीपेक्षा लवकर संपतं. पहिला दीड महिना अल्कॅलिनिटी दर दोन दिवसांनी तपासा. रोजची घट ०.५ डीकेएच वरून ०.८ झाली तर डोसिंगही त्या मानाने वाढवा, पण हळूहळू. काचेवर शेवाळ जास्त यायला लागेल तेही साहजिक आहे, खरवडायचं, त्यासाठी फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागायचं नाही.

सगळं बसल्यावर शेवटचा पार मोजून त्याच कागदावर नव्या शाईने लिहा आणि अ‍ॅपमधल्या शेड्यूलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. फर्मवेअर अपडेट झालं किंवा लाईट रीसेट झाली की काही वेळा ती कंपनीच्या मूळ शेड्यूलवर जाते, अपडेटनंतर त्याच दिवशी दुपारी एकदा टँकसमोर जाऊन बघत चला. पुढे जो नवीन फ्रॅग येईल त्याला हे सगळं पहिल्यापासून, कारण तो दुकानात कुठल्या उजेडाखाली होता ते तुम्हाला माहीत नाही. दुकानदाराला पार विचारा, नसेल सांगता येत तर खाली सँडबेडवर आडोशाला दोन आठवडे, मग मधल्या रॉकवर.